कच्चे मडके आणि फुटके मडके

“आशा सोडा, निराश व्हा, म्हणजे सुखी व्हाल” हा उपदेश आपल्या कीर्तनातून पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. सांगणारा भागवताच्या आधाराने सांगतो, ऐकणारा मान डोलावतो, आणि दोघेही आपापल्या घरी जातात. परंतु आज आपल्या नांदेड-लातूर भागात सभामंडपाच्या मागच्या बाजूला खांबाला टेकून असा एखादा श्रोता बसलेला असतो, की ज्याच्या घरी निराशा आधीच मुक्कामाला आली आहे. सोयाबीन पाण्यात गेले, बँकेचे खाते थकले, लेकीचे लग्न पुढे ढकलले. “आता माझ्याच्यानं काही होत न्हाई” हे एकच वाक्य त्याच्या डोक्यात रात्रंदिवस जात्यासारखे फिरते आहे. त्याच्या कानावर “निराश व्हा” हे शब्द पडले, तर तो कोणता अर्थ घेऊन उठेल? शब्द एक, अर्थ दोन, आणि त्या दोहोंत जीवनमरणाचे अंतर आहे. म्हणून याचा थोडा विस्ताराने विचार करू.

पिंगलेची कथा एकादश स्कंधाच्या आठव्या अध्यायात येते. अवधूत यदूराजाला आपल्या चोवीस गुरूंची हकीकत सांगतो, त्यात विदेहनगरीतील ही वेश्या एक गुरू. आपल्या गोदाकाठच्या पैठणच्या नाथमहाराजांनी त्या एकादश स्कंधावरील आपली टीका १५७३ मध्ये काशीला पुरी केली, त्यामुळे ही कथा वारकऱ्यांच्या घरोघरी पोचली. पिंगला नटूनथटून दारात उभी राहते. हा येईल, तो येईल, आत जाते, पुन्हा बाहेर येते, मध्यरात्र होते. कोणी येत नाही. मग तिला त्या वाट पाहण्याचाच वीट येतो. ती आशा टाकते, अंथरुणावर पडते, आणि तिला गाढ झोप लागते.

ती झोपली, हे नीट ध्यानात ठेवावे. ज्याला आपण आज निराश झालेला म्हणतो, त्याची पहिली खूण ही, की त्याची झोप उडालेली असते. पहाटे तीनला तो टक्क जागा असतो. तेव्हा पिंगलेचे नैराश्य आणि या माणसाची निराशा एक कशी म्हणावी?

पिंगलेने काय सोडले ते पाहा. येणाराजाणारा आपली जी किंमत करील तीच आपली किंमत, हा हिशेब तिने सोडला. आणि धरले काय? तर अंतरात जो सदैव राहतो त्याला. म्हणजे जगाच्या बाजाराकडे पाठ आणि स्वतःच्या घराकडे तोंड, असे ते वळणे होते. आपला खांबाला टेकलेला गृहस्थ नेमका उलट्या दिशेने चालला आहे. भाऊबंद काय म्हणतील, सोयरे काय म्हणतील, बँकेचा साहेब दारात आला तर गल्ली काय म्हणेल, हा बाजाराचा हिशेब त्याने घट्ट धरून ठेवला आहे. आणि त्या हिशेबात आपली किंमत शून्य आली म्हणून तो स्वतःला सोडून देतो आहे. पिंगलेने तराजू फेकला. याने तराजू जपून ठेवला आणि वजन करून स्वतःलाच उकिरड्यावर टाकले. तेव्हा कीर्तनकार महाराजांना हात जोडून विनंती आहे, की पिंगलेची कथा सांगावी, जरूर सांगावी, पण अर्ध्यावर सोडू नये.

दुसरे असे, की कास्तकाराला “आशा सोड” म्हणणे मुळातच अवघड. पेरणी म्हणजे आशाच. मृग कोरडा जाताना धूळपेरणी करणारा माणूस, ती वाया गेल्यावर उसनवारी करून दुबार पेरणी करणारा माणूस, हा लोभी नव्हे. घरातले दाणे मातीत टाकून चार महिने वाट पाहणे याला फार मोठी छाती लागते. ज्याचा पगार पहिल्या तारखेला येतो त्याने अशा माणसाला आशेचे दोष सांगावेत, हे मला तरी शोभत नाही असे वाटते.

आपल्या मुलखाने पाहिले तरी काय थोडे आहे? ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक दमून निजले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची भूमी हलली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचे ओझे. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच घरे झोपलेल्यांवर बसली. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. काही नोंदींत आकडा त्याहून मोठा आहे. बावन्न गावे जुनी जागा सोडून नव्या जागी बसवावी लागली. आता त्या पहाटे ज्याचे सगळे घर गेले आणि जो एकटा शेतात राखणीला होता म्हणून वाचला, त्याने “मी का राहिलो?” असे विचारले, तर त्याला काय उत्तर द्यावे? कित्येक जण झटकन म्हणतात, पूर्वकर्म. मला हे उत्तर क्रूर वाटते. कर्माचा सिद्धांत आपण स्वतःच्या चुकीला लावावा. दुसऱ्याच्या दुःखाला लावण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? गणपतीची आरती म्हणून निजलेल्या लेकरांचा कोणता हिशेब आपण मांडणार? तिथे गप्प बसून हात धरणे हाच धर्म.

२०१६ च्या एप्रिलात लातूरला प्यायला पाणी उरले नाही, तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आणले. योगायोग असा, की मिरज-कुर्डुवाडी-लातूर हा लोहमार्ग पंढरपुरावरून येतो; वारकरी ज्या रुळांवरून पांडुरंगाला जातो, त्याच रुळांवरून पाण्याची गाडी आली. त्याच वर्षीच्या पावसाळ्याच्या अखेरीस मांजरा धरण भरले. आणि पुढे २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात पाणी इतके झाले, की मुखेडपासून मांजराकाठापर्यंत उभी पिके गेली आणि कित्येक ठिकाणी जमीनच खरवडून गेली. पीक गेले तर पुढच्या वर्षी येते. माती गेली तर काय पेरावे? हे सांगण्याचे कारण एवढेच, की इथली निराशा हवेतून आलेली नाही. तिला सातबारा आहे. तिला नुसत्या शब्दांनी पिटाळता येणार नाही.

पण मग स्वतःवरचा विश्वास उडणे म्हणजे नक्की काय होते? इथे मला नामदेवरायांची गोष्ट आठवते. ती सर्वांना पाठ आहे, तरी तिच्याकडे या बाजूने पाहावे असे वाटते, कारण ती सगळी आपल्याच आसपासच्या मातीत घडली. लातूरच्या शेजारी तेर, गोरोबाकाकांचे गाव. नांदेडच्या शेजारी औंढा नागनाथ. आणि नामदेवरायांचे कुळाचे गाव नरसी, तेही हिंगोलीजवळच.

तेरला संतमेळा बसला आहे. मुक्ताईची नजर कोपऱ्यातल्या थापटण्यावर गेली. हे काय, काका? गोरोबा म्हणाले, याने ठोकले म्हणजे मडके कच्चे की पक्के ते कळते. मग आमचीही मडकी तपासा ना! काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारायला सुरुवात केली. सगळे निमूट बसले. नामदेवाची पाळी आली तेव्हा तो रागावला, कळवळला. काका म्हणाले, हे मडके कच्चे राहिले.

जरा विचार करा. पांडुरंग ज्याच्या हातचा नैवेद्य खातो, ज्याच्याशी बोलतो, तो नामदेव. सगळ्या संतांसमोर त्याला कच्चा ठरवला. तो रडत पंढरीला गेला. आजवर आपण जे स्वतःला समजत होतो ते खोटेच होते काय, असे त्याला वाटले असणार. स्वतःवरचा भरवसा उडाला म्हणतात तो हाच.

आता कुंभाराच्या अंगणात जाऊन पाहा. कच्चे आणि फुटके ही दोन निराळी मडकी आहेत. फुटक्याचे खापर होते. ते दळून भुकटी केली तरी त्याची पुन्हा चिखलमाती होत नाही. कच्च्याचे तसे नाही. ते आव्यात गेलेले नाही, एवढेच. अगदी पाण्यात पडून विरघळले तरी त्याची पुन्हा माती होते, ती पुन्हा चाकावर चढते. कोणताही शहाणा कुंभार कच्चे मडके उकिरड्यावर टाकत नाही. गोरोबांनी नामदेवाला कच्चा म्हटले. फुटका म्हटले नाही. ही त्यांची भाषा फार जोखून वापरलेली आहे, कारण ती धंद्याची भाषा आहे.

निराश मनुष्याचा घोटाळा इथेच होतो. जगाचे थापटणे त्याच्या डोक्यावर बसते, आवाज बद्द येतो, आणि तो म्हणतो, मी फुटलो. पीक बुडाले म्हणजे मी बुडालो. परीक्षेत मार्क कमी पडले म्हणजे मीच कमी. लातूर-नांदेडला आज गावोगावची पोरे डॉक्टर व्हायला शिकवण्यांना येतात, खोल्या करून राहतात. बापाने शेत गहाण ठेवलेले असते. सतराअठरा वर्षांचे पोर. त्याचा तर आवा अजून पेटलासुद्धा नाही, आणि ते एका निकालाच्या कागदावरून स्वतःला खापर समजून बसते! आईबापांनी “तुझ्यासाठी एवढं केलं” हे वाक्य महिन्यातून एकदा कमी म्हटले तरी त्याचे ओझे किती हलके होईल.

आणखी एक पाहण्यासारखे आहे. ज्याने कच्चा म्हटले तो गोरोबा कोण? भजनाच्या तंद्रीत चिखल तुडवताना स्वतःचे लेकरू ज्याच्या पायाखाली गेले, असा बाप. परंपरा म्हणते, पुढे त्यांनी स्वतःचे हातही तोडून घेतले, आणि ते हात परत आले ते पंढरीत नामदेवाच्याच कीर्तनात. ज्याला कच्चा म्हटले त्याच्या कीर्तनात! आणि नामदेवाला ज्याने गुरुमंत्र दिला तो विसोबा खेचर कोण? ज्ञानदेवादी भावंडांचा छळ करणारा, मांडे भाजायला मुक्ताईला खापर मिळू न देणारा, आणि मागाहून त्यांच्याच पायावर पडलेला. म्हणजे या एका गोष्टीत स्वतःवर थुंकावे असे वाटण्याची वेळ तिघांवरही येऊन गेलेली आहे. आपल्या संतांची मांदियाळी ही कधीच न चुकलेल्यांची यादी नव्हे.

त्या कच्च्या मडक्याचे पुढे काय झाले? नामदेवराय पंजाबपर्यंत गेले. त्यांची ६१ पदे शिखांच्या ग्रंथसाहिबात आहेत. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी याच नांदेडात त्या ग्रंथाला गुरुपद दिले. सचखंड गुरुद्वाऱ्यात ज्याच्यापुढे लाखो माथी टेकतात, त्या ग्रंथात तेरच्या त्या ‘कच्च्या’चे बोल आहेत. त्या दिवशी तेरहून रडत निघताना त्याला हे कोणी सांगितले असते तर पटले असते का?

आता एक शंका कोणी काढील. संत स्वतःला पतित म्हणतात, पापी म्हणतात, हीन म्हणतात. मग निराश माणूसही तेच म्हणतो ना? फरक कोणता? शंका चांगली आहे. तुकोबांचेच पाहू. १६३० च्या सुमारास दुष्काळ पडला. धंद्याचे दिवाळे वाजले, पहिली बायको अन्न अन्न करीत गेली, मुलगा गेला, गावात मान राहिला नाही. हे सगळे त्यांनी आपल्या तोंडाने सांगून ठेवले आहे, लपवले नाही. त्यांच्या गाथ्यात स्वतःला इतके टाकून बोलले आहे, की वाचताना अंगावर काटा येतो. पण ते सगळे बोलणे कोणाला तरी उद्देशून आहे. ते पतित म्हणतात ते पतितपावनाला ऐकवण्यासाठी. भांडतात, शिव्या देतात, धरणे धरतात, पण समोर कोणी आहे असे धरून. निराश माणूस तेच शब्द भिंतीला सांगतो, अंधाराला सांगतो. हळूहळू सांगणेही बंद होते. मला वाटते, शब्द किती वाईट आहेत यापेक्षा ऐकणारा आहे की नाही, यावर सारे अवलंबून आहे. “माझ्या कुणी उपयोगाचं न्हाई” असे एखादा शेजारी जाऊन बोलला, रडला, भांडला, तर तो अजून तुकोबांच्या वाटेवर आहे. जो बोलायचा थांबला, आपली जोडी, आपले टाळ, आपली घड्याळे वाटून टाकू लागला, “माझ्यामागं लेकराकडं बघा” असे सहज म्हणू लागला, त्याच्याकडे त्याच दिवशी गेले पाहिजे. आणि सरळ विचारावे, बाबा, जीव द्यावा असे मनात येते का? विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते, हा समज खोटा आहे. विचारल्याने त्याचे ओझे उतरते.

ऐकणे म्हणजे काय ते गीतेच्या पहिल्या अध्यायात आहे. अर्जुनाने धनुष्य टाकले, अंग कापते आहे, तोंड कोरडे पडले आहे. त्या सबंध अध्यायात भगवंतांच्या तोंडी जेमतेम एक वाक्य आहे. बाकी ते ऐकत आहेत. उपदेश मागाहून. आणि त्या अध्यायालाही नाव योगाचे आहे, विषादयोग. आपण स्वतःच स्वतःचा उद्धार करावा, असे भगवंत पुढे सहाव्या अध्यायात म्हणतात खरे, आणि दुःखी माणसाला तेवढेच वाक्य सुनावण्याची काहींना फार हौस असते. पण ते वाक्य म्हणणाऱ्याच्या हातात त्याच माणसाच्या घोड्यांचे लगाम होते, हे विसरू नये. “उठ, धीर धर” म्हणायचे तर आधी त्याच्या रथावर जाऊन बसावे.

याच बाबतीत दहाव्याच्या प्रवचनाविषयी दोन शब्द लिहितो. घरातल्या माणसाने जीव दिलेला असतो. बायको, लेकरे, म्हातारी समोर बसलेली असतात, आणि महाराज आत्मघात कसे महापाप आहे ते सांगतात. हे बंद झाले पाहिजे. सरकारच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेसुद्धा असा प्रयत्न करणारा माणूस जबर ताणाखाली होता असे धरावे, त्याला शिक्षेऐवजी उपचार द्यावेत, असे म्हटले आहे. न्यायालयाने दया शिकावी आणि माळकऱ्याने ती विसरावी, हे काही बरे नाही. तसेच सावकारीचे. गळ्यात माळ घालून शेकडा पाचाने व्याज घेणारे आपल्या दिंडीत नाहीत असे छातीवर हात ठेवून कोणी म्हणू शकेल का? तुकोबांनी आपल्या वाटणीची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, अशी कथा आहे. सगळ्यांनी बुडवावीत असे मी म्हणत नाही. पण गाथा वाचून उठल्यावर निदान दोन महिन्यांची मुदत वाढवून द्यायला काय हरकत आहे?

उलट आपल्या संप्रदायात एक औषध असे आहे, की ते दुसरीकडे सहसा मिळत नाही. वारीत दोघे भेटले, की एकमेकांच्या पायांवर डोके ठेवतात. म्हातारा पोराच्या पाया पडतो, पाटील सालगड्याच्या. ज्याला वाटते मी कुणीच नाही, त्याच्याही पायावर कोणीतरी डोके ठेवते, आणि त्याला ते नाकारता येत नाही. तुझ्यात तो आहे, असे तोंडाने न सांगता सांगून होते. मात्र हे आषाढी-कार्तिकीला वाळवंटात करायचे आणि एरवी गावात त्याच माणसाच्या दारावरून मान खाली घालून जायचे, असे चालत असेल तर त्या पायां पडण्याला काही अर्थ राहत नाही.

तरी भजनाने सगळे भागते, असे मानू नये. मनाला ज्वर चढतो तसा अंगाला चढतो, आणि दोन्हीला वैद्य लागतो. झोप नाही, जेवण नाही, पंधरा पंधरा दिवस मन उठत नाही, तर जिल्हा रुग्णालयात मनाचा डॉक्टर असतो. गोळ्या घेतल्याने नामाला बाध येत नाही. शासनाचा प्रेरणा प्रकल्प मराठवाडा-विदर्भातल्या कास्तकारांसाठी निघाला. त्यात आशाताई घरोघर जाऊन विचारपूस करतात. दारात येणाऱ्या त्या बाईला नाव मोठे चांगले मिळाले आहे. आणि १४४१६ हा टेली मानसचा फोन आहे. दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. विणेकऱ्यांनी हा आकडा भजनाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

यावर काही भाविक म्हणतील, पांडुरंग असताना डॉक्टर कशाला, फोन कशाला? त्यांनी नामदेवाच्या गोष्टीचा पुढचा भाग आठवावा. नामदेव रडत गेला तो थेट विठ्ठलाकडेच गेला होता. देव समोर उभा होता, बोलत होता. मनात आणले असते तर त्याने तिथल्या तिथे मडके पक्के केले असते. त्याने तसे केले नाही. औंढ्याला विसोबा म्हणून एक माणूस आहे, त्याच्याकडे जा, असे सांगितले. नामदेव गेला, तर देवळात एक म्हातारा पिंडीवर पाय ठेवून निजलेला. नामदेव म्हणाला, पाय काढा. म्हातारा म्हणाला, बाबा, मला उचलवत नाहीत. जिथे पिंड नसेल तिथे तूच नेऊन ठेव. नामदेवाने त्याचे पाय हातात घेतले, आणि ज्या ज्या जागी ठेवायला गेला, त्या त्या जागी पिंड उभी राहिली.